पहारेकरी कोठे चुकतो? : एंडोमेट्रिओसिस आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा

व्यापारी घरांत हे दृश्य नवे नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड. महिन्याचे तीन-चार दिवस घरातील मुलगी किंवा सून पोटाशी पाय घेऊन खोलीत पडून असते. दुकानात कोणी विचारलेच तर ‘तिला जरा बरे नाही’ एवढेच सांगितले जाते. सासूबाई गरम पाण्याची पिशवी देतात, आई फोनवरून समजावते की आम्हीही हेच सोसले, आणि औषधाच्या दुकानातून मागवलेल्या दोन गोळ्यांवर तो महिना निभावतो. नववी-दहावीत सुरू झालेले हे दुखणे मुलीबरोबर कॉलेजात जाते. लग्नाच्या बैठकीत त्याचा उच्चार कोणी करीत नाही. पुढे दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही म्हणजे तपासण्या सुरू होतात, सोनोग्राफीच्या कागदावर ‘चॉकलेट सिस्ट’ असे शब्द येतात आणि डॉक्टर प्रथमच रोगाचे नाव सांगतात : एंडोमेट्रिओसिस.

हा उशीर एखाद्या घराचा किंवा समाजाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया व मुली, म्हणजे जगभरात १९ कोटी जणी, या रोगाने ग्रस्त आहेत. आणि निदानाला सरासरी ४ ते १२ वर्षे उशीर होतो. इतक्या जणींना छळणाऱ्या या रोगावरील उपचारांची भिस्त मात्र गेली अनेक दशके दोनच गोष्टींवर राहिली आहे. संप्रेरके आवरायची, किंवा शस्त्रक्रिया करून रोगट भाग काढून टाकायचा. अलीकडच्या काळात संशोधकांनी एका जुन्या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वळवले आहे. शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा या रोगापुढे कोठे चुकते? या प्रश्नातून खरी आशा निर्माण झाली आहे. त्याच ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाच्या आडोशाने बाजारही मांडला जात आहे. या दोहोंतील फरक रोगिणीला, आणि तिच्या औषधांची बिले भरणाऱ्या घराला, ठाऊक असणे जरूरीचे आहे.

गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या रूपाने गळून बाहेर पडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारखीच ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढू लागते. बीजकोशावर, उदरपोकळीच्या आवरणावर, आतड्यावर, मूत्राशयावर ती रुजते. महिन्याच्या चक्राबरोबर तीही फुगते व रक्ताळते. पण त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. मग आसपास दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून गाठ झाली की तिच्या तपकिरी रंगामुळे तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. हा कर्करोग नव्हे. तरीही ज्या चिवटपणे ही ऊती नव्या जागी ठाण मांडते, तो चिवटपणा डॉक्टरांना दीडशेहून अधिक वर्षे कोड्यात टाकत आला आहे. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० साली अशा ऊतीचे वर्णन केले होते.

ती तेथे पोहोचते कशी, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर अमेरिकेतील ऑल्बनी शहराचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली दिले. पाळीच्या वेळी सगळाच स्राव खाली जात नाही; काही भाग बीजवाहिन्यांतून उलट दिशेने वर चढतो आणि उदरपोकळीत सांडतो. त्यातील जिवंत पेशी तेथे रुजतात, असे त्यांचे म्हणणे होते. उत्तर पटण्यासारखे होते आणि आजही ते सर्वसाधारणपणे मान्य आहे.

पण येथे हिशेब जुळत नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाळीच्या सुमारास उदरपोकळीतील द्रव तपासला, तेव्हा बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या ९० टक्के स्त्रियांच्या द्रवात रक्त आढळले. म्हणजे उलटा स्राव जवळजवळ प्रत्येकीला होतो. रोग मात्र दहांतून एकीला होतो. जमेच्या बाजूला नव्वद आणि शिल्लक दहा, तर मधले ऐंशी गेले कोठे? ते कोणीतरी साफ केले असले पाहिजेत. ज्यांच्या पोटात ही सफाई नीट होत नाही, त्यांनाच रोग जडत असला पाहिजे. प्रतिकारयंत्रणेकडे बोट दाखवणारा पहिला तर्क हा असा सरळ होता.

त्याला पुरावाही मिळत गेला. १९८१ साली शिकागोचे डॉ. डब्ल्यू. पॉल डमोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एंडोमेट्रिओसिस असलेल्या ऱ्हीसस माकडिणींत पेशीजन्य प्रतिकार उणा पडत असल्याचे दाखवले. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, बेल्जियममधील ल्युवेन येथील संशोधकांना रुग्ण स्त्रियांच्या ‘नॅचरल किलर’ पेशींत मंदपणा आढळला. परक्या किंवा भरकटलेल्या पेशी दिसताच त्यांचा निकाल लावणे हे या पेशींचे काम. तेच त्या या स्त्रियांत ढिलाईने करीत होत्या.

गोष्ट एवढीच असती तर उपाय सोपा होता. पहारेकरी पेंगतो आहे, त्याला जागे करा. ‘इम्युनिटी वाढवा’ हा सल्ला जिकडेतिकडे ज्या सहजतेने दिला जातो, त्याच्या मुळाशी हीच समजूत असते. परंतु याच स्त्रियांच्या उदरपोकळीत दुसऱ्या प्रकारच्या पहारेकऱ्यांची, म्हणजे मॅक्रोफेज पेशींची, गर्दी नेहमीपेक्षा अधिक असते आणि त्या पेंगत तर मुळीच नसतात. मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षक. मेलेल्या पेशी, जंतू, कचरा गिळणे हे त्यांचे एक काम आणि जखम भरून आणणे हे दुसरे. एंडोमेट्रिओसिसमध्ये या पेशी पहिले काम सोडून दुसऱ्यात गुंततात. भरकटलेली ऊती ही जणू जखमच आहे असे समजून त्या तिची शुश्रूषा करू लागतात, तिच्याकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतात, दाह पेटता ठेवणारी रसायने सोडतात. चोराला हाकलण्याऐवजी पहारेकरीच त्याला विटा आणून देऊ लागतो. अशा पहारेकऱ्याला अधिक बळ देऊन काय साधणार? त्याला आवरायचे की त्याचे काम बदलायचे, हा खरा प्रश्न आहे.

घरोघरी ऐकू येणाऱ्या एका शंकेचे उत्तरही येथेच सापडते. ‘सोनोग्राफीत एवढेसेच दिसते, मग ही इतकी कशी विव्हळते?’ रोगाचा पसारा आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. एडिंबरा विद्यापीठातील गटाने २०१९ मध्ये दाखवले की रोगट ऊतीतील मॅक्रोफेज पेशी इन्सुलिनसदृश वाढघटक सोडतात आणि त्यामुळे तेथे चेतातंतू वाढतात व अधिक हळवे होतात. उंदरांमध्ये या घटकाचा मार्ग अडवल्यावर वेदनेची लक्षणे ओसरली. ठिपका छोटा असला तरी त्यात शिरलेले चेतातंतू छोटे नसतात. सुनेच्या दुखण्याला ‘नखरे’ म्हणणाऱ्यांना या एका निष्कर्षाची प्रत वाचायला द्यावी.

आजच्या उपचारांना यात कमी लेखण्याचा हेतू नाही. वेदनाशामक गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टिन, बीजकोशांना काही काळ झोपवणारी इंजेक्शने, २०१८ पासून अमेरिकेत मान्यता मिळालेले इलागोलिक्स आणि त्याच्या जातीची तोंडाने घ्यायची औषधे यांनी असंख्य स्त्रियांना दिलासा दिला आहे आणि देत आहेत. पण ही संप्रेरकांची औषधे बहुधा बीजनिर्मिती थांबवतात किंवा गर्भधारणेला अडसर करतात. म्हणजे ज्या स्त्रीला मूल हवे आहे तिला वेदना आणि मूल यांतून एकाची निवड काही काळ करावी लागते. काही औषधांनी हाडे विरळ होतात, अंगात गरम वाफा येतात. औषध थांबले की दुखणे परतू शकते. दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया अनेकींना उपयोगी पडते, तथापि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत सुमारे २१ टक्के आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांत रोग पुन्हा आढळल्याचे नमूद आहे. पाळी न थांबवता, मूल होण्याची वाट न अडवता रोगावर काम करील असे औषध हवे, ही मागणी तेथून येते. प्रतिकारयंत्रणेवर बेतलेल्या उपचारांचे सर्वांत मोठे आकर्षण हेच आहे.

पहिली मोठी ठेच

या वाटेवर पहिला गाजलेला प्रयत्न ‘टीएनएफ’ या दाहजनक प्रथिनावर झाला. एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांच्या उदरद्रवात ते जास्त असते. संधिवात आणि आतड्यांचा क्रोन्स रोग यांत या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधांनी क्रांती केली होती. नैरोबी येथील प्राणी-संशोधन संस्थेत बबून जातीच्या माकडिणींवर प्रयोग झाले आणि त्यांत या मार्गाने रोगाची वाढ रोखली गेली. आशा वाढल्या.

माकडांवरील अशा प्रयोगांची वर्णने वाचताना अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाचे मन खट्टू होणे साहजिक आहे. संशोधकांची अडचण अशी की उंदरांना पाळी येत नाही. हा रोग आपणहून होणारे प्राणी म्हणजे पाळी येणारी मोजकी माकडेच. मानवी पेशींवर प्रयोगशाळेतच रोगाची प्रतिकृती घडवण्याचे प्रयत्न त्यामुळे महत्त्वाचे ठरतात.

मग स्त्रियांवर चाचणी झाली. ल्युवेनमध्येच, डॉ. फिलिप कोनिंक्स यांच्या नेतृत्वाखाली, खोलवर रुजलेल्या रोगाने तीव्र वेदना होणाऱ्या २१ स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी इन्फ्लिक्सिमॅब हे औषध किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय द्रावण देण्यात आले. कोणाला काय दिले हे आधी उघड केले नव्हते. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : औषध घेतलेल्या गटात वेदना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या आणि निष्क्रिय द्रावण घेतलेल्या गटातही तेवढ्याच. रोगाच्या गाठी आकसल्या नाहीत. पुढे कॉक्रेन या स्वतंत्र परीक्षण-संस्थेने सगळे पुरावे तपासले, तेव्हा टीएनएफविरोधी औषधांबाबत विचारात घेण्याजोगी चाचणी त्यांना ही एकच सापडली, आणि शिफारस करण्याइतका पुरावा नाही असा निर्वाळा त्यांनी दिला. पेंटॉक्सिफायलिन या स्वस्त, जुन्या औषधाचीही गत निराळी झाली नाही.

व्यवहारातल्या माणसाने या चाचणीकडे जरा थांबून पाहावे. निष्क्रिय द्रावणानेही तीस टक्के आराम पडला, ही बाब हसण्यावारी नेण्याची नाही. त्या स्त्रिया खोटे बोलत नव्हत्या. काळजीपूर्वक तपासणी, नियमित विचारपूस, आपल्याला उपचार मिळतो आहे ही भावना आणि दुखण्याचे नैसर्गिक चढउतार या सर्वांचा मिळून तो परिणाम होता. म्हणूनच शेजारणीला अमुक चूर्णाने गुण आला, या साक्षीवर औषध ठरवता येत नाही. त्या चूर्णासमोर तुलनेचा दुसरा गट बसवला असता तर त्यालाही तेवढाच गुण आला असता की नाही, हे कोणी पाहिलेले नसते.

भारतात या औषधांबाबत आणखी एक धोका आहे. टीएनएफ अडवले की शरीरात दबून राहिलेला क्षय पुन्हा उफाळू शकतो. म्हणून संधिवातासाठीही ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. शिवाय गर्भनलिका व गर्भाशय यांचा क्षय हे आपल्याकडे वंध्यत्वाचे आणि ओटीपोटातील दुखण्याचे एक कारण आहे. एकाचे लक्षण दुसऱ्यासारखे दिसते तेथे प्रतिकारशक्ती दाबणारे इंजेक्शन घाईने देणे किती महाग पडेल, हे सांगायला नको.

ठेच लागली तरी वाट बंद झाली नाही. मॅक्रोफेज सगळे एकसारखे नसतात, हे दरम्यान उलगडू लागले होते. वॉरिक विद्यापीठातील एरिन ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून दाखवले की गर्भाशयाच्या अस्तराबरोबर आलेले मॅक्रोफेज रोगाच्या वाढीला हातभार लावतात, तर रक्तातून नव्याने उदरपोकळीत दाखल होऊन तेथे स्थिरावणारे मॅक्रोफेज रोगाला विरोध करतात. सरसकट सगळ्यांना मारले तर शत्रूबरोबर मित्रही मरतो. ‘वाढवा’ आणि ‘दाबा’ हे दोन्ही सल्ले या रोगात अपुरे पडतात. कोणाला आवरायचे आणि कोणाला राहू द्यायचे, हे नेमके ठरवावे लागते.

नेमकेपणाचा आजवरचा लक्षवेधी प्रयत्न जपानमधून आला आहे. चुगाई या औषध-कंपनीने इंटरल्यूकिन-८ या दाहाच्या निरोप्याला पकडणारे एक प्रतिपिंड तयार केले. त्याला एएमवाय १०९ असे नाव आहे. त्याची रचना अशी की ते आपले सावज सोडून देऊन रक्तात पुन्हा कामाला लागते, त्यामुळे महिन्यातून एकदा इंजेक्शन पुरेसे ठरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एंडोमेट्रिओसिस झालेल्या माकडिणींत या औषधाने गाठींचा आकार घटला आणि अवयवांची चिकटण व तंतुमयता कमी झाली. हे औषध संप्रेरकांना हात लावत नाही. स्त्रियांवरील सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत ते पोहोचले आहे. तथापि बबूनपासून रुग्णालयापर्यंतचा टीएनएफचा प्रवास पाहिलेल्यांनी येथेही पेढे वाटण्याची घाई करू नये.

त्याच वर्षी नागोया विद्यापीठातून वेगळीच बातमी आली. तेथील संशोधकांना एंडोमेट्रिओसिस असलेल्या ६४ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जंतू आढळला. रोग नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. हा जंतू एरवी तोंडात, हिरड्यांत राहतो. तो मॅक्रोफेज पेशींना चिथावतो, त्या एक विशिष्ट वाढघटक सोडतात आणि भरकटलेल्या ऊतीला रुजायला जमीन तयार होते, असा त्यांचा कयास आहे. प्रतिजैविके दिलेल्या उंदरांत रोगाच्या गाठी लहान व कमी झाल्या. इतर देशांतील स्त्रियांतही हेच चित्र दिसते का, हे पाहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. ही बातमी वाचून औषधाच्या दुकानातून प्रतिजैविके आणण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. त्या प्रयोगात वापरलेल्या क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित हाडांतील रक्तनिर्मितीच थांबते.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२५ साली ब्रिटनमधील मोठ्या नोंदसंग्रहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एंडोमेट्रिओसिस असलेल्या ८,००० हून अधिक स्त्रियांच्या नोंदी त्यात होत्या. संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, सीलिअ‍ॅक यांसारखे विकार, ज्यांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते, ते या स्त्रियांत ३० ते ८० टक्के अधिक आढळले. ही टक्केवारी वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. एखादा विकार हजारात दहा जणींना होत असेल, तर या स्त्रियांत तो हजारात तेरा ते अठरा जणींना होईल, एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्या ९८० हून अधिक जणींना तो होणार नाही. पण त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, सांधे सकाळी आखडणे, न जाणारा थकवा अशा तक्रारी या स्त्रियांनी अंगावर काढू नयेत. दुसरी, संधिवाताशी आनुवंशिक नाते दिसल्यामुळे एका रोगासाठी तयार झालेले औषध दुसऱ्यात तपासून पाहण्याची दिशा संशोधकांना मिळाली आहे.

‘इम्युनिटी’चा बाजार

ही सर्व हकिगत प्रयोगशाळांची आणि चाचण्यांची आहे. एंडोमेट्रिओसिसवर प्रतिकारयंत्रणेमार्फत काम करणारे मान्यताप्राप्त औषध आजमितीस औषधाच्या दुकानात नाही. आणि तरीही ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द जाहिरातींत भेटतो. मुलासाठी आतुर झालेल्या, हाताशी पैसा असलेल्या आणि चारचौघांत बोलण्याची चोरी असलेल्या घराला हा शब्द फार लवकर भुरळ घालतो.

त्यातला एक प्रकार वंध्यत्व-उपचारांना जोडून येतो. गर्भ रुजत नाही तो तुमच्या प्रतिकारपेशी त्याला मारतात म्हणून, असे सांगून शिरेतून इंट्रालिपिडचे सलाइन लावले जाते. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संस्थेने २०२३ साली अशा जोड-उपचारांची छाननी केली आणि इंट्रालिपिडची नेहमीच्या वापरासाठी शिफारस केली नाही. बाजूने सांगण्याची गोष्ट म्हणजे इंट्रालिपिड हे सोयाबीन तेलाचे द्रावण असले तरी त्यात अंड्याच्या बलकातून काढलेले स्निग्ध घटक असतात. आहाराचा कटाक्षाने विचार करणाऱ्या घरांना हे बहुधा कोणी सांगत नाही. आणि गर्भाशयातील प्रतिकारपेशी गर्भाच्या शत्रू आहेत ही कल्पनाही अर्धवटच आहे. गर्भाला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या रुंद करण्यात याच पेशींचा वाटा असतो.

दुसरा प्रकार चूर्णांचा, काढ्यांचा आणि डब्यांचा. त्याविषयी वर सांगितले तेवढे पुरे आहे. ज्या रोगात प्रतिकारयंत्रणेचा एक भाग मंद आणि दुसरा अतिउत्साही असतो, तेथे ‘वाढवतो’ म्हणणाऱ्याने नेमके काय वाढवतो, हे तरी सांगावे.

तिसरा प्रकार पैशांचा नाही, पण सर्वांत जुना आहे. ‘लग्न करून द्या, एक मूल झाले की आपोआप बरे होईल.’ एश्रेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की केवळ एंडोमेट्रिओसिसवरचा उपचार म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. या सल्ल्यावर किती मुलींची लग्ने घाईने उरकली गेली आणि मूल न झाल्याचा दोष पुढे त्यांच्याच माथी आला, याचा हिशेब कोठल्याच वहीत नाही.

त्याच मार्गदर्शक तत्त्वांत एक दिलासाही आहे. पूर्वी खात्रीच्या निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आवश्यक मानली जाई. आता लक्षणे, तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय यांच्या आधारे निदान करून उपचार सुरू करता येतात. चित्रांत काही न दिसले किंवा औषधांनी गुण आला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. अविवाहित मुलीला ‘ऑपरेशन’ नको या भीतीने जी घरे डॉक्टरांची पायरी चढत नाहीत, त्यांना हे कळले पाहिजे. सोनोग्राफी सरळ आली म्हणून रोग नाही असे मात्र ठरत नाही. पाळीत शाळा किंवा दुकान बुडावे इतके दुखणे, शौचाच्या वा लघवीच्या वेळी त्या दिवसांत कळ येणे, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, यांतले काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला ते तशाच शब्दांत सांगावे. आईने मुलीऐवजी बोलू नये. मुलीलाच बोलू द्यावे.

परळमधील काम

या संशोधनात भारतीय स्त्रियांचा वाटा आजवर फार थोडा राहिला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वांत मोठ्या आनुवंशिक अभ्यासात ६०,६७४ रुग्ण स्त्रियांची माहिती होती आणि त्यातून रोगाशी निगडित ४२ जनुकीय ठिकाणे सापडली. परंतु त्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. त्यांच्यावरून निघालेले निष्कर्ष सोलापूरच्या किंवा सांगलीच्या स्त्रीला जसेच्या तसे लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही.

ही उणीव भरण्याचे काम मुंबईतच चालू आहे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या छत्राखाली, डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकाराने ‘ईसीजीआरआय’ हा प्रकल्प सुरू झाला. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील रुग्णालये त्यात सहभागी आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या एकसारख्या प्रश्नावल्या आणि नमुने घेण्याच्या पद्धती त्यात वापरल्या जातात, म्हणजे येथील नोंदींची तुलना इतर देशांतील नोंदींशी करता यावी. रोगाची लक्षणे आपल्याकडे कशी दिसतात आणि आनुवंशिक घटक कोणते, हा त्याचा विषय आहे. कोणत्या स्त्रीत प्रतिकारयंत्रणेचा कोणता भाग बिघडतो हे कळल्याशिवाय नेमके औषध नेमक्या रोगिणीला देता येणार नाही. त्याचा पाया अशाच संथ, कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींनी घातला जातो.

पुढील काही वर्षांत प्रतिकारयंत्रणेवरील औषधांच्या चाचण्या आपल्या शहरांतही येतील. तेव्हा ‘तुमच्या मुलीला नव्या औषधाच्या चाचणीत घेतो’ असे कोणी म्हणाले तर घाबरण्याचे कारण नाही, आणि लगेच होकार देण्याचेही नाही. भारतात औषधचाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे नीतिसमितीची मान्यता लागते, सहभागी होणाऱ्या व्यक्तीची समजून-उमजून दिलेली लेखी संमती लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्र मराठीत मागावे आणि मुलीने ते स्वतः वाचावे. सही तिची असते. वडिलांची, पतीची किंवा सासऱ्यांची नव्हे. चाचणीतील औषधासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर त्याला प्रथम नोंदणी क्रमांक विचारावा. नोंदवहीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक कोणालाही पाहता येतो, आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.